वेगाची शाळा (लेखांक ७) : कोल्टन हर्टाचे ३२ गुण

१७ मार्च २०१९ रोजी मेलबर्नला लँडो नॉरिस फॉर्म्युला वनमधली पहिली शर्यत धावला आणि बारावा आला. बरोबर आठवड्यानं, टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या ट्रॅकवर कोल्टन हर्टानं इंडीकारची शर्यत जिंकली. तेव्हा तो १८ वर्षांचा होता. इतक्या लहान वयात इंडीकारमध्ये तोवर कुणी जिंकलं नव्हतं. आणि तो ट्रॅक बांधलेला होता फॉर्म्युला वनसाठीच!

ही दोन्ही मुलं २०१५ मध्ये इंग्लंडात कार्लिन या एकाच संघात होती. एमएसए फॉर्म्युला या स्पर्धेत नॉरिस पहिला आला, हर्टा तिसरा. पुढे २०२५ मध्ये नॉरिस जगज्जेता झाला. हर्टानं मात्र इंडीकारमधले नऊ विजय गाठीशी असताना २०२६ च्या हंगामासाठी फॉर्म्युला टूचा करार केला. म्हणजे गेल्या लेखांकात आपण पाहिलेल्या शिडीची शेवटून दुसरी पायरी, जिथं बहुतेक स्पर्धक विशीच्या आसपासचे असतात. असं का व्हावं?

मारिओ आंद्रेत्ती १९७८ मध्ये जगज्जेता झाला. त्याच वर्षी झान्डवोर्टला तो जिंकला, आणि त्यानंतर एकाही अमेरिकन ड्रायव्हरला फॉर्म्युला वनची शर्यत जिंकता आलेली नाही. (आंद्रेत्तीही जन्मानं इटालियन, १५ व्या वर्षी निर्वासित कुटुंबाबरोबर अमेरिकेत आलेला.) यावर युरोपातलं ठरलेलं उत्तर असं की अमेरिकन पोरांना अंडाकृती ट्रॅकवर डावीकडे वळण्यापलीकडे काही येत नाही. मला हे उत्तर आळशीपणाचं वाटतं. इंडीकारच्या बहुतेक शर्यती आज अंडाकृती ट्रॅकवर होतच नाहीत. त्या शहरांच्या रस्त्यांवर आणि वळणावळणाच्या सर्किटवर होतात. अडचण वेगाची नाही, वयाची आणि पत्त्याची आहे.

फॉर्म्युला वनची वाट युरोपातल्या कार्टिंगमधून जाते. इटलीतल्या लोनातोसारख्या ट्रॅकवर बारा-तेरा वर्षांची मुलं जे टायर, जी इंजिनं आणि जे प्रतिस्पर्धी ओळखू लागतात, त्यांच्याच संगतीत ती पुढे फॉर्म्युला फोर, थ्री, टू असं चढत जातात. फॉर्म्युला टूमध्ये सरावाला मिळतात फक्त ४५ मिनिटं, की लगेच पात्रता फेरी. त्यातच पिरेलीचे टायर जरा जास्त तापले की पकड सोडतात. ते किती तापवायचे आणि कधी जपायचे हे ज्याच्या अंगवळणी पडलेलं नाही, त्याला त्या ४५ मिनिटांत कोण शिकवणार? म्हणून फ्लोरिडाच्या लोगन सार्जंटला लहानपणीच युरोप गाठावं लागलं. २०१५ मध्ये तो कार्टिंगचा ज्युनियर जगज्जेता झाला, २०२३ मध्ये विल्यम्सकडून फॉर्म्युला वनमध्ये आला. ३६ शर्यतींत त्याला एकच गुण मिळाला. तोही ऑस्टिनला, पुढचे दोघे बाद ठरल्यामुळे.

पण तेराव्या वर्षी घर सोडावं का? इंडीकार, नॅसकार, स्पोर्ट्सकार या अमेरिकेतल्या वरच्या स्पर्धांत चांगल्या ड्रायव्हरला पगार मिळतो. फॉर्म्युला टूमध्ये बहुतेकांना जागेसाठी स्वतःच पैसे मोजावे लागतात. हर्टाचे वडील ब्रायन स्वतः इंडीकारचे जुने ड्रायव्हर. दोन वर्षं युरोपात काढून मुलगा २०१७ मध्ये घरी परतला आणि इंडीकारच्या खालच्या पायरीवर, इंडी लाइट्समध्ये धावू लागला, यात नवल काय? कोणत्याही समजूतदार घरानं हेच केलं असतं.

बाहेरून जोर लावूनही पाहिला गेला. २००२ मध्ये रेड बुलनं माजी ड्रायव्हर डॅनी सलिव्हन यांना हाताशी धरून अमेरिकेत शोधमोहीम सुरू केली. त्यातून कॅलिफोर्नियाचा स्कॉट स्पीड निवडला गेला. युरोपात पोहोचला आणि आतड्याच्या दुखण्यानं गाठलं. तरीही २००४ मध्ये त्यानं फॉर्म्युला रेनॉच्या दोन मालिका जिंकल्या, २००५ मध्ये जीपी टूमध्ये (म्हणजे तेव्हाच्या फॉर्म्युला टूच्या पायरीवर) तिसरा आला. २००६ ला फॉर्म्युला वनच्या टोरो रोसो संघात पोहोचला. मेलबर्नला आठवा येऊन पहिला गुण जवळजवळ खिशात घातला होता. पिवळ्या झेंड्याखाली पुढच्या गाडीला मागे टाकल्याबद्दल दंड झाला आणि गुण गेला. २००७ च्या मध्यावर त्याची जागा झेबास्टियन फेटेलला दिली गेली. २८ शर्यती, शून्य गुण. तरी मोहीम फसली असं मी म्हणणार नाही. बाहेरचा मुलगा चार वर्षांत शिखरापर्यंत नेता येतो हे तिनं दाखवलं. पण तिथं टिकायला मिळालेला वेळ फारच तुटपुंजा होता. मुंबईच्या जेहान दारूवालाला २०११ मध्ये फोर्स इंडियाच्या अशाच शोधातून वाट सापडली. तो फॉर्म्युला टूच्या शर्यती जिंकला, तरी वरचं दार उघडलं नाही.

त्या दाराचं कुलूप म्हणजे सुपर लायसन्स. २०१५ मध्ये सतरा वर्षांचा मॅक्स वेरस्टॅपन फॉर्म्युला वनमध्ये उतरला, तेव्हा जागतिक संघटना एफआयए सावध झाली. पुढच्या वर्षापासून किमान वय १८ आणि आधीच्या तीन हंगामांत मिळून ४० गुण, असा नियम आला. २०२२ मध्ये रेड बुलला हर्टा हवा होता, अल्फाटौरी संघासाठी. त्याचे गुण भरले ३२. त्या वेळच्या तक्त्यात फॉर्म्युला टूच्या पहिल्या तिघांना प्रत्येकी ४०, तर इंडीकारच्या तिसऱ्याला २० आणि चौथ्याला १० गुण होते. इंडीकारमध्ये तिसरं येणं फॉर्म्युला टूमध्ये तिसरं येण्याच्या निम्म्या मोलाचं? दोन्ही मालिका नेमानं पाहणाऱ्याला हे पटणं कठीण. पण सवलत मिळाली नाही आणि जागा गेली डच ड्रायव्हर निक डी व्रीसला.

म्हणून आता फॉर्म्युला टू. कॅडिलॅक या नव्या अमेरिकी संघानं हर्टाला चाचणी-ड्रायव्हर म्हणून घेतलं. गुण आणि युरोपातल्या ट्रॅकची ओळख, दोन्ही त्यानं तिथं कमवायची. या संघानं २०२६ च्या आपल्या पहिल्या हंगामासाठी निवडलेल्या दोन ड्रायव्हरांपैकी वाल्टेरी बोट्टास फिनलंडचा आहे, तर सर्जिओ पेरेझ मेक्सिकोचा.

पुढच्या लेखांकात पैशाचा हिशोब मांडू : कार्टपासून फॉर्म्युला टूपर्यंतचं बिल कोण भरतं आणि त्या बदल्यात काय लिहून घेतं.