ऐन कीं अर्जुन?

उरणजवळच्या द्रोणागिरीचें नांव ऐकतांच संजीवनी ओळखूं न आल्यामुळें सबंध पर्वत उचलून नेणारा मारुति आठवतो. आपणांपाशीं तें बळ नाहीं. वनस्पति पारखून घेणेंच आपल्या हातीं आहे.

हिरडा, बेहडा, ऐन व अर्जुन हे चौघे भाऊच. शास्त्रज्ञांनीं त्यांस ‘टर्मिनॅलिया’ हें एकच आडनांव दिलें आहे. त्रिफळेंतील हिरड्यावर पांच कंगोरे व बेहड्यावर मऊ लव असल्यानें ते घरोघरीं ओळखतां येतात. घोटाळा होतो तो उरलेल्या दोघांचा. एकास सादडा म्हणतात, दुसऱ्यास अर्जुनसादडा. दोहोंच्याहि फळांस पांच पंख. आयुर्वेदानें हृदयरोगावर सांगितली आहे ती अर्जुनाची साल. तिच्या जागीं ऐनाची आली तर रोग्याची फसगत होते, आणि चूर्ण झाल्यावर डोळ्यांस कांहींच उमगत नाहीं.

म्हणून साल काढण्यापूर्वीं झाडाखालचें फळ उचलून पाहावें. ऐनाच्या रुंद, पातळ पंखांवरील रेषा आडव्या, सरळ कडेपर्यंत जातात. अर्जुनाच्या अरुंद, जाड पंखांवरील रेषा वर वळतात.

उन्हाळ्याच्या सुटींत मुलांस रानांत न्याल तेव्हां हीं दोन्ही फळें त्यांच्या तळहातीं ठेवून हा भेद त्यांच्याकडूनच वदवून घ्यावा, अशी आमची वाचकांस सूचना आहे.