जाहिरात उसळली म्हणजे व्हायरस शिरला?

मोबाईलवर भलतीच जाहिरात आली की घरात कुणीतरी निदान करून टाकतं, ‘फोनमध्ये व्हायरस आलाय!’ मग फोन दुकानात जातो, फॉरमॅट होतो आणि बॅकअप नसलेले फोटो जातात. बहुतेक वेळा एवढ्या थराला जायची गरज नसते.

गैरसमज : अ‍ॅडवेअर (नको त्या जाहिराती लादणारं सॉफ्टवेअर) म्हणजे व्हायरसच.

व्हायरस स्वतःच्या प्रती काढून इतर फाइलींना चिकटतो. रॅन्समवेअर फाइली कुलूपबंद करून खंडणी मागतं. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने तेच केलं. हेरगिरी करणाऱ्या स्पायवेअरचा फायदा लपून राहण्यात असतो. अ‍ॅडवेअरचं मात्र जाहिरात दिसल्याशिवाय पोटच भरत नाही. ते बहुधा आपल्याच हाताने आत येतं. फुकटचं सॉफ्टवेअर टाकताना आपण न वाचता ‘नेक्स्ट’, ‘नेक्स्ट’ दाबत जातो, आणि आधीच टिक केलेल्या चौकटीतून सोबतचा पाहुणा घरात शिरतो.

गैरसमज : जाहिरात दाखवणारं प्रत्येक अ‍ॅप अ‍ॅडवेअर.

अ‍ॅप उघडल्यावर त्यातच जाहिरात दिसणं हा सरळ व्यवहार आहे. अ‍ॅप बंद असतानाही ती पूर्ण स्क्रीन व्यापू लागली, तर संशय घ्यावा. फेब्रुवारी २०२० मध्ये गूगलने अशी उपद्रवी सुमारे ६०० अ‍ॅप प्ले स्टोअरवरून काढली. म्हणजे अधिकृत दुकानातला माल चोख असतोच, असंही नाही.

गैरसमज : डोक्याला ताप आहे, पण धोका नाही.

इथे लेनोवोचं प्रकरण आठवावं. २०१४ मध्ये कंपनीने काही लॅपटॉप ‘सुपरफिश’ हे जाहिरातींचं सॉफ्टवेअर आधीच बसवून विकले. बँकेच्या संकेतस्थळासारख्या सुरक्षित पानांतही डोकावता यावं म्हणून त्याने संगणकात स्वतःचं प्रमाणपत्र घुसवलं होतं. कहर म्हणजे सगळ्या लॅपटॉपमध्ये त्याची गुप्त किल्ली एकच होती. फेब्रुवारी २०१५ मध्ये एका तज्ज्ञाने तिचा पासवर्ड शोधला, तर तो निघाला ते तंत्र पुरवणाऱ्या कंपनीचंच नाव! ती किल्ली हाती आली की सार्वजनिक वायफायवर बसलेल्या कुणालाही खोटं बँक-पान खरं म्हणून खपवता आलं असतं. २०१७ मध्ये लेनोवोने अमेरिकेतील ३२ राज्यांशी ३५ लाख डॉलरची तडजोड केली. हेतू जाहिरातीचाच होता, पण दार सताड उघडं राहिलं.

गैरसमज : फॉरमॅट हाच उपाय.

आधी ब्राउझरच्या सेटिंगमध्ये नोटिफिकेशनची परवानगी कुणाकुणाला दिलीय ते पाहा. कधीतरी ‘अलाऊ’ दाबलेल्या साइट्सच अनेकदा ‘तुमच्या फोनमध्ये व्हायरस आहे’ असं ओरडत असतात. मग ‘इतर अ‍ॅपवर दिसण्याची’ परवानगी कोणाकडे आहे ते तपासा. आयकॉन लपवणारी अ‍ॅप सेटिंगमधल्या अ‍ॅपच्या यादीत सापडतात. काढता येत नसेल तर फोन सेफ मोडमध्ये सुरू करून काढा. आणि त्या ओरडणाऱ्या जाहिरातीतलं ‘क्लीनर’ अ‍ॅप मात्र चुकूनही टाकू नका.