सत्काराच्या यादीतून सुटलेलं एक नाव

मंडळी, आपल्या सिल्वासात दोन ऑगस्ट म्हटलं की मुक्तिदिन. १९५४ साली याच दिवशी सिल्वासा पोर्तुगिजांच्या ताब्यातून सुटलं. सुधीर फडके, राजा वाकणकर, बाबासाहेब पुरंदरे ही आपली माणसं त्या लढ्यात होती, हे आपण अभिमानाने सांगतो. पण याच तारखेला, २ ऑगस्ट १८६१ रोजी, तेव्हाच्या बंगालमधल्या आणि आता बांगलादेशात असलेल्या राडुली गावात आचार्य प्रफुल्लचंद्र रे यांचा जन्म झाला, हे मला गेल्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हतं. ते कळलं एका एक्सेलच्या तक्त्यामुळे आणि माझ्याच हातून झालेल्या एका चुकीमुळे. तीच हकिकत सांगतो.

आपलं गाव तुम्हाला माहीतच आहे. करसवलती मिळाल्या, कारखाने आले आणि कारखान्यांच्या मागोमाग सगळ्या देशातून माणसं आली. माझे बाबा जळगावकडून धाग्याच्या कारखान्यात नोकरीला आले. आमच्या शेजारचे दादा हावड्याहून आले. ते धागा कारखान्यातल्या यंत्रांचे सुटे भाग दुरुस्त करतात, स्वतःचं छोटं वर्कशॉप आहे. मोठ्या भावाला त्यांच्याकडेही दादा म्हणतात आणि आपल्याकडेही, त्यामुळे त्यांना हाक मारताना मी कुठली भाषा बोलतोय असा प्रश्न कधी पडला नाही. त्यांच्या बायकोला मात्र आम्ही बौदी म्हणतो. गणपतीत बौदी आमच्याकडे आरतीला येतात आणि दुर्गापूजेत अष्टमीच्या भोगाची खिचडी आमच्या घरी डब्याने येते.

गेल्या पूजेच्या आधी दादा एका संध्याकाळी आले. म्हणाले, "यंदा आमच्या मंडळींनी एक ठरवलंय. व्यवसायात आणि समाजकार्यात नाव कमावलेल्या इथल्या बंगाली माणसांचा नवमीच्या संध्याकाळी सत्कार करायचा. नावं भरपूर आली आहेत, त्यावरून कुरबुर नको. तू इंजिनीअर आहेस, काहीतरी पद्धतशीर करून दे."

पद्धतशीर हा शब्द ऐकला की माझ्यासारख्या माणसाला स्फुरण चढतं. मी एक ऑनलाइन फॉर्म केला आणि त्याची माहिती एका तक्त्यात येईल अशी सोय केली. मालमत्ता व उलाढालीला ४० गुण, देणगीच्या रकमेला ३०, किती जणांना रोजगार दिला त्याला २० आणि आधी मिळालेल्या पुरस्कारांना १०. बेरीज करायची, उतरत्या क्रमाने लावायचं, पहिली पाच नावं घ्यायची. आणि यादी आटोपशीर राहावी म्हणून एक चाळणी लावली, की देणगीच्या रकान्यात शून्य असेल तर नाव आपोआप गळेल.

आमच्या धंद्यात कुठलाही प्रोग्राम लोकांपुढे ठेवण्याआधी तपासून घ्यायची रीत आहे. ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे अशी माहिती त्यात घालायची आणि तेच उत्तर येतं का पाहायचं. मी विचार केला, बंगालमधले सर्वमान्य मोठे लोक घालून बघू. ते वर आले की तक्ता बरोबर. त्यासाठी दोन रात्री वाचत बसलो.

पहिलं नाव घातलं मोतीलाल शील यांचं. आपल्या नाना शंकरशेटांच्या काळातला हा कलकत्त्याचा व्यापारी. रिकाम्या बाटल्या आणि बुचं विकण्यापासून सुरुवात केली आणि जहाजांचा मालक झाला. कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयासाठी त्यांनी जमीन दिली, १८४२ साली मुलांसाठी विद्यालय काढलं. ते तक्त्यात झकास वर आले.

दुसरे रासबिहारी घोष. १९०७ साली सुरतेच्या ज्या काँग्रेस अधिवेशनात जहाल-मवाळांची मारामारी झाली आणि पुणेरी जोडा फेकला गेला, त्याचे हे अध्यक्ष. आपल्याला ते तेवढ्यापुरतेच माहीत असतात. पण त्यांनी वकिलीत मिळवलेल्या पैशातून १९१३ साली कलकत्ता विद्यापीठाला विज्ञान शिक्षणासाठी १० लाख रुपये दिले. तारकनाथ पालित या दुसऱ्या वकिलानेही असंच भरघोस दान दिलं होतं. या दोघांच्या पैशावर कलकत्त्याचं विज्ञान महाविद्यालय उभं राहिलं. तेही वर आले.

तिसरे अमर बोस. ज्यांच्या कंपनीचे हेडफोन लावून मी हे काम करत होतो, तेच. वडील स्वातंत्र्य चळवळीतले, इंग्रजांच्या ससेमिऱ्यातून सुटून अमेरिकेला गेलेले. मुलगा फिलाडेल्फियात जन्मला, शाळकरी वयात रेडिओ दुरुस्त करून घराला हातभार लावत होता. पुढे एमआयटीत प्राध्यापक झाला, १९६४ साली कंपनी काढली आणि शिकवणं २००१ पर्यंत सोडलं नाही. २०११ साली त्यांनी कंपनीचे बहुतेक शेअर एमआयटीला देऊन टाकले. ते शेअर विद्यापीठाला विकता येत नाहीत आणि कारभारातही बोलता येत नाही, पण लाभांश मिळतो आणि तो शिक्षण-संशोधनावर खर्च होतो. इथे माझा तक्ता पहिल्यांदा अडखळला. शेअर देऊन टाकल्यावर त्यांची मालमत्ता कमी झाली, म्हणून ४० गुणांच्या रकान्यात ते खाली घसरले. म्हणजे दान केलं म्हणून गुण कापले गेले!

मग घातले प्रफुल्लचंद्र रे, आणि तक्ता साफ आडवा झाला.

प्रभादेवीला माझ्या मामाकडे जाताना बसचा कंडक्टर 'बेंगॉल केमिकल' अशी हाळी द्यायचा. लहानपणी मला वाटायचं, हे एखाद्या चाळीचं नाव असेल. त्या कारखान्याची मूळ कंपनी रे यांनी काढलेली. एडिंबराहून रसायनशास्त्रात डॉक्टरेट घेऊन आलेला हा माणूस कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात २५० रुपये पगारावर शिकवत होता. शिकलेली बंगाली मुलं कारकुनीच्या मागे धावतात, याचं त्यांना फार वाईट वाटे. म्हणून १८९२ साली सुमारे ७०० रुपयांच्या भांडवलावर राहत्या घरातच त्यांनी औषधं बनवायला सुरुवात केली. वडिलांच्या कर्जाची फेड चालूच होती.

कॉलेज सुटलं की घरी येऊन भट्टी. एका औषधासाठी हाडं लागत, म्हणून खाटकांकडून गोण्या आणून त्यांनी गच्चीवर हाडं वाळत घातली. कावळे जमले, शेजारी तक्रार करायला धावले. ओव्याचा अर्क बाटलीत भरून विकायला काढला, तर विलायती औषधं लिहून द्यायची सवय लागलेले डॉक्टर देशी बाटलीला हात लावेनात. तेव्हा अमूल्यचरण बोस हे डॉक्टर मित्र पाठीशी उभे राहिले, आपल्या ओळखीच्या डॉक्टरांना पटवत फिरले. १८९८ साली तेच प्लेगने गेले. रे एकटे पडले, पण काम थांबलं नाही. १९०१ साली त्या घरगुती खटाटोपाची लिमिटेड कंपनी झाली. आज ती सरकारी मालकीची आहे आणि तिचं फिनेल अजून मिळतं.

आता यांना माझ्या तक्त्यात गुण किती? मालमत्ता म्हणावी तर विज्ञान महाविद्यालयाच्या इमारतीतली राहायला मिळालेली एक खोली. संसार केलाच नाही. १९०२ च्या सुमारास गांधीजी कलकत्त्यात गोखल्यांकडे महिनाभर राहिले होते. गोखल्यांनी त्यांची रे यांच्याशी ओळख करून दिली ती अशी, की यांना पगार ८०० रुपये, स्वतःसाठी ४० ठेवतात आणि बाकीचे लोकांच्या कामाला देतात. गांधीजींच्या आत्मकथेत हे आहे. एका मराठी माणसाने करून दिलेली ती ओळख म्हणजे मला तर एका वाक्यातला सत्कारच वाटतो.

१९२१ साली साठी गाठल्यावर रे यांनी ४० रुपयेही सोडले. त्यानंतरचा सगळा पगार रसायन विभागासाठी विद्यापीठालाच परत दिला, तो १९३६ साली निवृत्त होईपर्यंत. १९२२ साली उत्तर बंगालमध्ये पूर आला तेव्हा त्यांच्या नेतृत्वाखाली रोख आणि वस्तू मिळून सुमारे २५ लाखांची मदत गोळा झाली. पण ती 'त्यांची' देणगी नव्हती. माझ्या फॉर्मला एक रक्कम आणि एक पावती हवी होती. पंधरा वर्षांचा पगार कुठल्या रकान्यात बसवणार? पुरासाठी दारोदार फिरण्याचे गुण किती? बेरीज मारली तर आचार्य रे यादीत तळाला.

मी हसलो. रकाने थोडे इकडेतिकडे करू म्हणून ठरवलं आणि दुसऱ्या दिवशी इथल्या नावांची कच्ची यादी दादांना दाखवायला नेली. दादांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली. मग विचारलं, "काकीमा कुठे आहे?"

काकीमा म्हणजे औद्योगिक वसाहतीजवळ खाणावळ चालवणाऱ्या बाई. त्यांचा नवरा इथे कारखान्यात होता. तो गेल्यावर गावी न परतता त्यांनी दोन पातेल्यांवर खाणावळ सुरू केली. मुर्शिदाबाद, मालदाहून आलेली कारागीर पोरं त्यांच्याकडे भात, मसूरडाळ आणि माशाचं कालवण जेवतात. एखाद्याचा हात मशीनमध्ये सापडला, तर त्याला सिव्हिल हॉस्पिटलात घेऊन जाणाऱ्या काकीमाच, कारण त्या पोराला बंगालीखेरीज काही येत नसतं. डॉक्टर काय म्हणाले ते त्याला सांगायचं, गावी आईला फोन करायचा, पगार थकला तर ठेकेदारापुढे जाऊन उभं राहायचं. ही सगळी कामं त्या भाताचं आधण ठेवता ठेवता करतात.

त्यांचं नाव फॉर्ममधून आलं होतं. कोणीतरी त्यांच्या वतीने भरलं होतं आणि देणगीच्या रकान्यात प्रामाणिकपणे शून्य लिहिलं होतं. माझ्या चाळणीने त्यांना गाळून टाकलं होतं. आचार्य रे निदान तळाला तरी होते. काकीमा यादीतच नव्हत्या.

मला घाम फुटला, कारण ही चूक नुसती हिशेबाची नव्हती. तीन वर्षांपूर्वी बाबा अकरा दिवस दवाखान्यात होते. आई त्यांच्याजवळ, मी पुण्याहून धावत आलेलो, घरी चूल पेटवायला कोणी नाही. ते अकरा दिवस दोन वेळचा डबा काकीमांच्या खाणावळीतून आला. आम्ही मासे खात नाही हे लक्षात ठेवून त्या बटाटा-पडवळाची भाजी वेगळी करत. पैसे द्यायला गेलो तर म्हणाल्या, "बाबांना घरी आण, मग बघू." पुढे कधी बघितलंच नाही. ज्यांचं मीठ खाल्लं त्यांचं नाव मी एका ओळीच्या सूत्राने पुसलं होतं.

दादांना सगळं सांगितलं, आचार्य रे यांचा निकालही दाखवला. त्या रात्री समितीची बैठक लांबली. एक जण म्हणाले, मंडपाला आणि भोगाला पैसा लागतो, जास्त देणाऱ्याला मान दिला नाही तर पुढच्या वर्षी कोण देईल? त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. आपल्या गणेशोत्सवातही हाच हिशेब असतो. शेवटी असं ठरलं, की मंडपाचा खर्च उचलणाऱ्यांचे आभार व्यासपीठावरून नाव घेऊन मानायचे. पण सत्कार गुणांवर नाही. ज्याचा सत्कार, त्याच्यामुळे ज्याचं काही अडलेलं सुटलं, त्यानेच उभं राहून पाच मिनिटांत ते सांगायचं. सांगणारा कोणी मिळाला नाही, तर शाल नाही.

नवमीला पाच जणांचा सत्कार झाला. दोन कारखानदार होते, आणि त्यांचेच कामगार त्यांच्याबद्दल बोलले. काकीमांच्या वेळी आधी एक कारागीर बोलला आणि मग मी. अर्धं हिंदी, अर्धं मराठी, शेवटी शिकून घेतलेलं एक बंगाली वाक्य, ज्यावर सगळा मंडप हसला. अकरा दिवसांच्या डब्याचं सांगताना माझा आवाज जड झाला. समोर आई बसली होती, ती पदराने डोळे पुसत होती. काकीमा शाल घेऊन दोन मिनिटं उभ्या राहिल्या आणि हळूच दादांना म्हणाल्या, "आता जाऊ का? दुसऱ्या पाळीची पोरं जेवायला येतील."

मंडळी, आपलं मंडळही सत्कार करतं. शाल, श्रीफळ, गुच्छ, फोटो, आणि बहुतेक वेळा नाव पुकारताना आपण माणसाचा हुद्दा वाचतो, त्याची हकिकत नाही. यंदा आपल्या मंडळासाठी फॉर्म करायचं काम माझ्याकडे आलं आहे. त्यात एकही आकडा विचारलेला नाही. एकच प्रश्न आहे: या माणसामुळे कोणाचं काय अडलेलं सुटलं, आणि ते सांगायला तुम्ही उभे राहाल का?

तुमच्या ओळखीत असं कोणी असेल तर दोन ऑगस्टच्या आत कळवा. मराठीच हवं असं नाही.