ज्येष्ठता यादीतला नंबर

निवृत्त रेल्वे कर्मचारी नोकरीच्या गप्पा मारायला बसले की दोन विषय हटकून निघतात. पहिला, कोण कुठल्या साली कुठल्या स्टेशनवर होता. दुसरा, कोण कोणाच्या आधी वर गेला. ‘तो माझा ज्युनिअर, पण बढती त्याला आधी मिळाली,’ हे वाक्य सिकंदराबादेत वाढलेल्या आपल्यापैकी अनेकांनी घरी काका-मामांच्या तोंडून ऐकलं असेल. लहानपणी मला ती नुसती कुरकुर वाटायची. पुढे सॉफ्टवेअरच्या कामात रोज याद्या क्रमाने लावू लागलो, तेव्हा त्यातली अडचण कळली. यादी लावायची तर आधी ठरवावं लागतं, कशाच्या क्रमाने? तो निकष बदलला की तीच माणसं वेगळ्या क्रमाने उभी राहतात.

रेल्वेतही वाद असतो तो याच निकषाचा. वरवर नियम सोपा आहे. थेट भरतीने आलेल्यांना आधी प्रशिक्षण असेल, तर त्यानंतरच्या परीक्षेतल्या गुणवत्तेवर क्रम लागतो. नाहीतर भरती मंडळाने दिलेला क्रम धरतात. बहुतेक तृतीय श्रेणीच्या पदांची यादी त्या त्या विभागाची वेगळी असते. बढतीच्या जागा थोड्या, इच्छुक पुष्कळ. त्यामुळे यादीत पाच-सहा नंबर खाली-वर झाले, तर बढतीत काही वर्षांचा फरक पडू शकतो. निवृत्तीची तारीख मात्र हलत नाही.

आता बदलीचं पाहू. प्रशासनाने स्वतःच्या गरजेसाठी बदली केली तर ज्येष्ठता टिकते. कर्मचाऱ्याने स्वतः मागितली, म्हणजे विनंती बदली असेल, तर नव्या ठिकाणी त्या श्रेणीतल्या सर्वांच्या खाली नाव लागतं. परस्पर बदलीत दोघांपैकी ज्याची ज्येष्ठता कमी, ती लागू होते. आमच्या मामांनी आजोबांच्या आजारपणात विनंती बदली घेतली. चौदा वर्षांची नोकरी झालेला माणूस आदल्या वर्षी लागलेल्या पोरांच्या खाली गेला. पगार, रजा, पेन्शनसाठीची सेवा यांपैकी काहीच बुडालं नाही, बुडाला तो नंबर. त्यांनी समजून-उमजून सही केली होती आणि तक्रारही कधी केली नाही. पण आई-वडिलांसाठी गावाजवळ येणारा मुलगा किंवा लग्नानंतर नवऱ्याच्या गावी बदली मागणारी मुलगी याची काय किंमत मोजते, हे घरच्यांना अनेकदा ठाऊकच नसतं. नव्या ठिकाणी आधीपासून रांगेत असलेल्यांचं म्हणणंही चूक नाही. बाहेरून आलेल्याने त्यांच्यापुढे का उभं राहावं?

कधी कधी माणूस जागचा हलत नाही, रेल्वेच हलते. 1 एप्रिल 2003 रोजी हुबळी विभाग दक्षिण मध्य रेल्वेतून निघून नव्या दक्षिण पश्चिम रेल्वेत गेला. अशा फेररचनेत ज्या पदांची यादी मुख्यालयात ठेवली जाते, त्यांची रांगच नव्याने लावावी लागते.

सर्वांत कडवट वाद मात्र बढतीतल्या आरक्षणाचे. त्यांच्या मुळाशी दोन मोठे खटले रेल्वेचेच आहेत, हे फारसं कोणाला आठवत नाही. पहिला 1961 चा, दक्षिण रेल्वेचे महाव्यवस्थापक विरुद्ध रंगाचारी. आरक्षण फक्त भरतीच्या वेळी की बढतीतही, हा प्रश्न होता. पाच न्यायमूर्तींनी तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने बढतीतही आरक्षण वैध ठरवलं. बहुमताचं निकालपत्र लिहिलं साताऱ्यात जन्मलेल्या न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकरांनी. पुढे ते सरन्यायाधीश झाले.

दुसरा खटला 1995 चा, उत्तर रेल्वेतल्या गार्डांचा, वीरपालसिंह चौहान या नावाने ओळखला जाणारा. समजा, दोन गार्ड आहेत. खालच्या श्रेणीत पहिला ज्येष्ठ, दुसरा कनिष्ठ. बिंदुनामावलीनुसार दुसऱ्याला आरक्षित जागेवर आधी बढती मिळाली. काही वर्षांनी पहिलाही त्याच श्रेणीत पोचला. आता दोघांत ज्येष्ठ कोण? न्यायालयाने सांगितलं, पहिल्याला जुनी ज्येष्ठता परत मिळेल. मग 2001 मध्ये 85 वी घटनादुरुस्ती झाली. आधी बढती मिळालेल्या अनुसूचित जाती-जमातींच्या कर्मचाऱ्याची ज्येष्ठता कायम ठेवण्याची तरतूद तिने केली आणि तीही 17 जून 1995 पासून लागू धरली. 2006 च्या नागराज निकालात घटनादुरुस्ती वैध ठरली, पण प्रतिनिधित्व अपुरं असल्याची आकडेवारी सरकारने दाखवावी अशी अट आली. ती आकडेवारी संवर्गनिहाय हवी, हे 2022 मध्ये स्पष्ट झालं.

एवढ्या उलथापालथीत एकाच क्वार्टर-लायनीत राहणारी दोन घरं एकमेकांशी अबोला धरतात, हे मी पाहिलं आहे. दोघांचंही ऐकून घ्यावं असं म्हणणं आहे. एकजण म्हणतो, मी ज्येष्ठ होतो, माझी काय चूक? दुसरा म्हणतो, वर जायचं दार उघडलं, पण प्रत्येक पायरीवर पुन्हा मागे ढकलणार असाल तर वरच्या पदापर्यंत मी पोचणार कधी? यातला निकष या दोघांपैकी कोणी ठरवलेला नाही. तो संसदेने, रेल्वे बोर्डाने आणि न्यायालयांनी ठरवला. भांडण मात्र शेजाऱ्याशी होतं.

हे सगळं पैशासाठीच, असं कोणी म्हणेल. पण 1 सप्टेंबर 2008 पासून लागू असलेल्या योजनेत बढती न मिळताही 10, 20 आणि 30 वर्षांच्या सेवेनंतर, सेवा समाधानकारक असल्यास, वरची वेतनश्रेणी मिळते. ज्येष्ठता यादीतली जागा त्याने बदलत नाही. ही योजना आली तरी वाद संपले नाहीत. ज्याला आपण काम शिकवलं, त्याच्यापुढे रजेचा अर्ज ठेवायची वेळ आली की टोचतं, ते वेतनवाढीने कसं भरून येणार?

यातून हाती घेण्यासारखी एक गोष्ट आहे. रेल्वेच्या नियमावलीप्रमाणे यादी प्रसिद्ध झाल्यापासून एका वर्षाच्या आत हरकत नोंदवावी लागते. त्यानंतरच्या तक्रारी सहसा विचारात घेत नाहीत, कारण बसलेली घडी वारंवार मोडली तर इतरांवर अन्याय होतो. 1985 पासून अशी प्रकरणं आधी केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणापुढे जातात. तिथेही अंतिम आदेशापासून साधारण एका वर्षाची मुदत असते. अर्जाला उत्तरच आलं नाही, तर सहा महिने थांबून पुढे वर्षभरात दाद मागता येते. वर्षानुवर्षं साहेबांना तोंडी सांगत राहिलेल्या माणसाची बाजू खरी असली, तरी मुदत निघून गेलेली असते.

म्हणून घरात कोणी नोकरीत असेल, तर यादी लागली की मोबाईलवर तिचा फोटो काढून ठेवायला सांगा. नेमणुकीची तारीख, श्रेणीत आल्याची तारीख, प्रशिक्षणातला क्रम आणि बदलीचा प्रकार हे चार रकाने सेवापुस्तकाशी ताडून पाहा. चूक दिसली तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. विनंती बदलीच्या अर्जावर सही करण्याआधी घरच्या सगळ्यांना बसवून नव्या यादीत आपण कितवे असू, हे सांगा. मग बदली घ्यायची की नाही, हे सगळ्यांनी मिळून ठरवा.