पॉवर बँक? जवळच ठेवा, बॉस!

ऑफिसच्या टूरवर निघालो की माझी बॅग म्हणजे चार्जरचं दुकानच! पण पॉवर बँक मी चेक-इन बॅगेत कधीच टाकत नाही. लिथियम बॅटरीतला एक सेल बिघडून तापला की शेजारचाही पेटतो. केबिनमध्ये ते लगेच दिसतं, क्रू पाणी मारून विझवतो. खाली सामानात कोण बघणार? ३ सप्टेंबर २०१० रोजी दुबईत यूपीएसचं मालवाहू विमान कोसळलं, दोन्ही पायलट गेले. आग लागली ती लिथियम बॅटऱ्या असलेल्या मालात. २०१३ मध्ये तर ड्रीमलायनरच्या स्वतःच्याच बॅटऱ्या धुमसल्या आणि जगभरची ड्रीमलायनर तीनेक महिने जमिनीवर बसली. तेव्हा मंडळी, १०० वॉट-अवरपर्यंतची पॉवर बँक हँडबॅगेतच. आणि फुगलेली असेल तर? विमानतळावर नेऊच नका!