उजेडाचे डोंगर

कोजागरीला गच्चीवरून काढलेल्या चंद्राच्या फोटोतला सगळा उजेड-अंधार संगणकाच्या पडद्यावर डोंगरदऱ्यांच्या रूपात उभा करता येतो. डिजिटल फोटो म्हणजे आकड्यांचा तक्ता. प्रत्येक पिक्सेल म्हणजे त्यातले एक घर आणि घरात उजळपणाचा आकडा: 0 म्हणजे काळा, 255 म्हणजे पांढरा. ओळ आणि रकाना यांनी जागा ठरते, आकड्याने उंची. फोटो रंगीत असला तर आधी करडा करून घेतात. तिथे तिन्ही रंगांची सरळ सरासरी चालत नाही. प्रचलित सूत्रात लाल 0.299, हिरवा 0.587 आणि निळा 0.114 या वजनाने धरतात, कारण आपल्या डोळ्याला हिरवा सर्वांत जास्त जाणवतो.

साधने फुकट मिळतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत वेन रॅसबँड यांनी घडवलेल्या ‘इमेजजे’मध्ये ‘सरफेस प्लॉट’ ही आज्ञा तयारच आहे. पायथॉन येत असेल तर चार-पाच ओळींत काम होते. मात्र 4000 बाय 3000 पिक्सेलचा फोटो म्हणजे 1 कोटी 20 लाख बिंदू, आणि कॅमेऱ्यातल्या गोंगाटामुळे प्रत्येक बिंदू थोडा वरखाली. तसाच आलेख काढला तर नुसते काटेरी रान दिसते. म्हणून 10 बाय 10 पिक्सेलची सरासरी घेऊन बिंदू कमी करावेत. आकार लगेच मोकळा होतो.

आता चंद्राकडे पाहा. दक्षिणेकडच्या टायको विवरातून निघालेले पांढरे पट्टे आलेखात लांबच लांब भिंतींसारखे उभे राहतात. चंद्रावर तिथे भिंती नाहीत. आघातात उधळलेला, अजून उजळ राहिलेला तो पातळ थर आहे. काळसर ‘सागर’ खोल दिसतात आणि ते खरोखरच सखल आहेत, पण ते काळे दिसतात ते लोहयुक्त बेसॉल्टमुळे. अष्टमीच्या चंद्राची गत आणखी वेगळी. उजेड एका बाजूने येत असल्याने विवराचा सूर्याकडे तोंड केलेला उतार कडा होऊन वर येतो, पाठमोरा उतार खाईत जातो, आणि खोलगट गोल विवराचा आकारच हरवतो.

तिथला उजेड उंची सांगत नाही, उतार सांगतो. पृष्ठभाग सगळीकडे एकाच जातीचा असेल तर उतारांवरून उंची काढता येते. बर्थोल्ड हॉर्न यांनी 1970 मध्ये एमआयटीतल्या प्रबंधात त्याचे गणित मांडले. खात्रीची उंची हवी असेल तर एकाहून अधिक कोनांतून पाहावे लागते. 2008 साली गेलेल्या चांद्रयान-1 वरचा नकाशा-कॅमेरा म्हणूनच पुढे, खाली आणि मागे अशा तिन्ही दिशांनी चित्रे घेत होता.

मला हा आलेख सर्वांत मोलाचा वाटतो तो ताऱ्यांच्या चित्रात, कारण तिथे मोजायचा असतो तो उजेडच. पुणे जिल्ह्यातल्या गिरवलीला आयुकाची 2 मीटरची दुर्बीण आहे. अशा दुर्बिणीच्या चित्रात तारा म्हणजे एक सुबक टेकडी. तिची रुंदी त्या रात्रीच्या हवेची थरथर सांगते. आकाशाच्या उजेडाचा सपाट पाया वजा केला की टेकडीचे घनफळ म्हणजे ताऱ्याचा एकूण प्रकाश. उतारावर फुगवटा दिसला तर शेजारी दुसरा तारा असण्याची शक्यता. वैश्विक किरण मात्र सहज ओळखू येतो: पायथाच नसलेली सुई. आणि कॅमेऱ्याची क्षमता ओलांडलेला तारा सह्याद्रीतल्या पठारासारखा वरून सपाट होतो. शिखर कापले गेले, आता त्याचे तेज मोजता येणार नाही.

घरी ताऱ्यांवर हा प्रयोग करणाऱ्याने फोटो ‘रॉ’ स्वरूपात घ्यावा. जेपेगमध्ये आकडे डोळ्याच्या सोयीने वाकवलेले असतात. तिथला 128 हा 255 च्या निम्मा प्रकाश नसतो, साधारण 22 टक्केच असतो. त्यावरून काढलेल्या टेकड्यांचे पायथे अवास्तव फुगतात. शिवाय उघडझापीचा वेळ इतकाच ठेवावा, की सर्वांत तेजस्वी ताऱ्याचे टोकही कमाल आकड्याच्या खाली राहील.