अंबर

समुद्रकिनाऱ्यावर क्वचित वाहून येणारा मेणासारखा सुगंधी पदार्थ. तो स्पर्म देवमाशाच्या (फायसेटर मॅक्रोसेफॅलस) आतड्यात तयार होतो. या प्राण्याने खाल्लेल्या माकुळांच्या कठीण चोची पचत नाहीत. त्यांच्याभोवती हा पदार्थ साठत जातो, असे मानतात. ताजा अंबर काळा, मऊ व दुर्गंधियुक्त असतो. पाण्याहून हलका असल्याने तो दीर्घकाळ तरंगतो आणि ऊन, हवा व खारे पाणी यांच्या क्रियेने करडा व सुवासिक होतो. अँब्रेइन हा त्यातील प्रमुख घटक होय. अत्तरांचा वास टिकविण्यासाठी अंबर वापरीत; आता त्याऐवजी बहुधा संश्लिष्ट द्रव्ये वापरतात.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये भारतात स्पर्म देवमासा संरक्षित आहे. अंबराच्या लोभाने त्याच्या शिकारीस उत्तेजन मिळू नये, म्हणून किनाऱ्यावर सापडलेला अंबरही बाळगणे वा विकणे हा गुन्हा ठरतो. तरीही कोकणात, तसेच पुणे परिसरातही, त्याची तस्करी उघडकीस आली आहे. मेणाचे वा गोठलेल्या तेलाचे गोळेही अंबरासारखे दिसतात. खात्री रासायनिक परीक्षणानेच होते. असा गोळा आढळल्यास वन विभागास कळविणे इष्ट असते.